नागपुरात सायकलसाठी चांगले रस्ते कसे शोधायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्यानं सायकल घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणता रस्ता चांगला?’ मी त्याला आधी विचारतो, ‘निघणार किती वाजता?’ आपल्या नागपुरात एकच रस्ता सकाळी सहाला सुखाचा असतो आणि दहाला नकोसा होतो. मे महिन्यात जिथं सावलीवाचून जीव कासावीस होतो, तिथंच जानेवारीत उन्हाचा कवडसा शोधत जावंसं वाटतं. म्हणून इथं रस्ता आणि वेळ यांची जोडी शोधावी लागते. गेल्या चौदा वर्षांत शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी, भाच्या-पुतण्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते आणि त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवतो आहे.

नागपुरात सायकल चालवण्यासारखे रस्ते उरलेत तरी का?

उरलेत, आणि पुष्कळ आहेत. नागपूर बहुतेक सपाट आहे. तलाव वस्तीला लागून आहेत. सिव्हिल लाइन्ससारख्या भागात कडुनिंब, चिंच, वड यांची जुनी झाडं अजून रस्त्यावर सावली धरतात. ज्यांना रस्ते नाहीत असं वाटतं, ते बहुधा सायकलवरूनही मोटारीच्याच रस्त्यानं जात असतात. वर्धा रोड, अमरावती रोड, रिंग रोड हे डोक्यात पक्के बसलेले असतात आणि पाय आपोआप तिकडे वळतात. सायकलचा रस्ता बहुतेक वेळा त्यांच्याच मागच्या गल्लीत असतो.

मग सुरुवात कुठून करू?

घरापासून. गाडीवर सायकल टाकून फुटाळा तलावावर जायचं आणि तिथं चालवायची, ही सवय लावून घेऊ नका. ती महिनाभरात सुटते. पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला निघा आणि घराभोवती तीन-चार किलोमीटरच्या आतच फिरा. एकच नियम पाळा: मोठा रस्ता फक्त ओलांडायचा, त्यावरून जायचं नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन गल्ल्या बंद निघतील, एखादी थेट कुणाच्या तरी अंगणात संपेल. संपू द्या. दुसऱ्या रविवारी तुम्हाला ठाऊक असेल की कोणती गल्ली कोणत्या शाळेमागून बागेजवळ निघते.

पेपर टाकणाऱ्या पोरांना आणि दूधवाल्यांना विचारा. वस्तीतला सगळ्यात कमी वळणांचा, कमी कुत्र्यांचा, कमी खड्ड्यांचा मार्ग त्यांच्याइतका कुणाला माहीत नसतो. आमच्या भागातली नाल्यावरची एक अरुंद पुलिया मला पेपरवाल्यानं दाखवली. त्या आधी सहा वर्षं मी रोज एक मोठा चौक विनाकारण पार करत होतो.

नकाशात काय पाहायचं?

आधी रस्ते पाहू नका, अडथळे पाहा. नागपूरला रेल्वेनं उभं कापलं आहे. त्यात नाग नदी, नाले, विमानतळ आणि रिंग रोड यांची भर. हे ओलांडण्याच्या जागा मोजक्याच आहेत आणि सगळी वाहनं तिथंच गोळा होतात. सीताबर्डीकडून पूर्वेला जायचं तर लोहापूल किंवा रामझुला, दक्षिणेत अजनीचा पूल, नरेंद्रनगरचा भुयारी पूल, मनीषनगर. तुमच्या घरापासून सोयीची आणि त्या वेळेला मोकळी असणारी ओलांडायची जागा एकदा ठरली, की तिच्या दोन्ही बाजूंच्या गल्ल्या जोडत जायचं. उलट केलंत, म्हणजे आधी छान गल्ल्या निवडल्या, तर शेवटी रुळाशी येऊन अडाल.

त्यानंतर उपग्रहाचं चित्र उघडा. दाट हिरवा ठिपका दिसला की तिथं बाग, मोठं आवार किंवा जुनी वसाहत असते आणि तिच्या कडेचा रस्ता बहुतेक चांगला निघतो. मोबाइलचा नकाशा ‘सर्वांत जवळचा मार्ग’ सुचवतो तो मात्र डोळे झाकून घेऊ नका. त्याला सावली कळत नाही.

एक तयार फेरी सांगा ना!

सांगतो. पश्चिम नागपूरची ही फेरी मी सगळ्यात जास्त वेळा केली आहे. वळणांप्रमाणे ती दहा ते बारा किलोमीटर भरते आणि न थांबता पाऊण तासात होते. पण न थांबता करू नका.

लॉ कॉलेज चौकातून रविनगरकडे निघा. अमरावती रोडचा हा तुकडा पहाटेच चालवण्यासारखा आहे, कारण आठनंतर तिथं बस आणि ट्रक एकमेकांना चिकटून चालतात. विद्यापीठाचं आवार मागे टाकून भरतनगरच्या बाजूनं फुटाळा तलावाकडे वळलात की आवाज पडतो. भोसल्यांच्या काळातल्या या तलावाला जुने लोक तेलंगखेडीचा तलाव म्हणतात. संध्याकाळी इथं पाय ठेवायला जागा नसते. ठेले, गाड्या, गर्दी. सकाळी सहाला मात्र पाण्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात आणि काठानं चालणारे दहा-वीस लोक, बस.

फुटाळ्यावरून वर सेमिनरी हिल्सकडे चढ लागतो. शहरात चढ म्हणावा असा जवळपास हा एकच. उतरून सायकल हातानं ढकललीत तरी कुणी काही म्हणणार नाही. मी पहिले दोन महिने तेच केलं. वर बालोद्यानाजवळ हवा जाणवण्याइतकी थंड असते. तिथून जपानी गार्डनकडचा उतार येतो. दोन्ही ब्रेक आधी तपासा, कारण उताराच्या शेवटी फिरायला आलेली म्हातारी माणसं रस्त्याच्या मधून चालत असतात आणि सकाळच्या त्या वेळेवर त्यांचा हक्क आपल्याइतकाच आहे.

पुढे सिव्हिल लाइन्स. इथं कोणतीही गल्ली घ्या, चुकणार नाही. लेडीज क्लब चौक, हायकोर्ट, जीपीओ, आकाशवाणी चौक असं करत झिरो माइलला या. १९०७ सालचा हा खांब आणि त्याच्याजवळचे चार दगडी घोडे आपण शाळेच्या सहलीत एकदा पाहतो आणि मग आयुष्यभर शेजारून जातो. सायकल टेकवून दोन मिनिटं उभे राहा. तिथून महाराजबागेच्या बाजूनं परत लॉ कॉलेज चौक. वाटेत तर्री-पोह्यांचा ठेला लागतोच. मी पोह्यांवर तर्री, म्हणजे तिखट रस्सा, कमी आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, जास्त घेतो, कारण पुढे पायडल मारायचं असतं.

एक सूचना: डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की विधानभवनाभोवतीचे रस्ते अडवलेले असतात. त्या दिवसांत जपानी गार्डनवरूनच परत फिरा.

आम्ही पूर्व नागपुरात राहतो. सगळे रस्ते पश्चिमेचेच का सांगता?

तक्रार रास्त आहे. झाडी आणि रुंद रस्ते पश्चिमेला जास्त आहेत, हे खरंच. पारडी आणि कळमन्याकडे माल वाहणारे ट्रक रात्रंदिवस चालतात आणि तिकडे सायकल न्या असं मी कुणाला सांगणार नाही. पण महाल आणि इतवारी ही पहाटेची सायकलची अप्रतिम जागा आहे. दुकानं उघडण्याआधी, साडेपाच ते सात.

‘शुक्रवारी’ नावाच्या तलावापासून निघा. पाटीवर गांधीसागर लिहिलंय. गोंड राजा चांद सुलतानच्या काळात हा जुम्मा तलाव म्हणून बांधला गेला. तिथून गांधी गेटमधून महालात शिरा; या दरवाजाचं जुनं नावही जुम्मा दरवाजाच. पुढे बडकस चौक, भोसल्यांचा वाडा, रुक्मिणीचं मंदिर. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दुपारी तिथं सायकलसुद्धा अडते, पण पहाटे त्याच गल्ल्यांत घरांची सावली उशिरापर्यंत टिकते आणि लाकडी खांबांचे जुने वाडे डोळ्यांच्या पातळीवर येतात. कुठे नळाला पाणी आलेलं असतं, कुठे सडा पडत असतो. मोटारीतून हे नागपूर दिसत नाही. सक्करदरा आणि रेशीमबागेच्या मैदानाभोवतीही सकाळी चांगलं फिरता येतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सायकल घरी ठेवून मारबतीची मिरवणूक पाहायला पायीच जा.

उन्हाळ्यात सायकल बंद ठेवावी का?

बंद नाही, पण वेळ आवळायची. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. असे आकडे ज्या शहरात येतात तिथं उन्हाशी बरोबरी करू नये. मेच्या मध्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो. पाचला निघा, सातच्या आत घरी. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागतात, तेव्हा साडेसहाच्या आत.

या दिवसांत सावलीचं गणित कामाला येतं. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणून उत्तर-दक्षिण रस्त्यावर पूर्वेच्या रांगेतल्या झाडांची सावली आडवी पडते आणि अर्धा रस्ता झाकते. पूर्व-पश्चिम रस्त्यावर तसं होत नाही. तिथं पूर्वेकडे जाताना ऊन थेट डोळ्यांत येतं. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तेच ऊन असतं आणि त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून परतीचा, पूर्वेकडे तोंड असलेला टप्पा मोठ्या रस्त्यावर ठेवू नका. याच एका कारणासाठी मी माझी उन्हाळ्याची फेरी उलट्या दिशेनं करतो.

डोक्याला दुपट्टा बांधा, त्यावर हेल्मेट घाला. पाण्यात लिंबू, मीठ, साखर. घरी परतल्यावर कैरीचं पन्हं. चालवताना घाम येणं थांबलं, शहारे आले किंवा डोकं हलकं वाटलं तर त्याच क्षणी सावलीत उतरा, अंगावर पाणी घ्या आणि फोन करून कुणाला तरी बोलवा. ‘दोनच किलोमीटर राहिलेत’ असं म्हणून पुढे जायचं नाही.

याच दिवसांत बहावा फुलतो. सिव्हिल लाइन्समध्ये पिवळे झुंबर लटकलेल्या झाडाखालून पहाटे जाण्यासाठी मी उन्हाळ्याची वाट पाहतो.

आणि पावसाळ्यात?

पाऊस पडताना चालवायला हरकत नाही, पाणी साचलेलं असताना आहे. लोहापूल आणि नरेंद्रनगरच्या पुलाखाली मोठ्या पावसात पाणी भरतं. तिथून कधीही सायकल घालू नका. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि अंबाझरी लेआउटपासून धरमपेठपर्यंत घराघरांत पाणी शिरलं. तेव्हापासून मी जोराच्या पावसानंतर नाग नदीच्या काठचे रस्ते एक दिवस सोडून देतो.

शहराबाहेर काळी माती आहे. ओली झाली की ती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. पावसाळ्यात डांबर सोडून पांदणीत उतरू नका.

सिमेंटचे रस्ते सायकलला चांगले की वाईट?

खड्डे कमी, हा मोठा फायदा. तोटे दोन. एक, सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली उभी फट. बारीक टायर त्यात सापडला तर हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. माझा डावा कोपर अशाच एका फटीमुळे सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. फट नेहमी तिरकी, चांगला कोन करून ओलांडा. दुसरा तोटा म्हणजे सिमेंट आणि कडेचे गट्टू (फरशीचे ठोकळे) यांच्यातली पायरी. मागून हॉर्न आला म्हणून घाईनं गट्टूंवर उतरायला जाऊ नका. आपल्या ओळीत सरळ राहा, हातानं खूण करा, मागच्याला थांबू द्या.

संध्याकाळी सिमेंट उशिरापर्यंत वाफा सोडतं. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळची फेरी डांबरी, झाडीच्या रस्त्यावरच बरी.

कोणती सायकल घेऊ?

जी घरात आहे ती. साधी, बिनगिअरची सायकल नागपुरात सेमिनरी हिल्स सोडून कुठेही पुरते. नवी घेणार असाल तर टायर फार बारीक घेऊ नका. कारण वर सांगितलंच.

पहाटे कुत्री मागे लागतात. काय करायचं?

जोरात पळवायची नाही. वेग कमी करा. तरी आली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला. बहुतेक कुत्री चालणाऱ्या माणसाला ओळखतात, फिरणाऱ्या चाकाला नाही. एखाद्या गल्लीत रोजच त्रास असेल तर ती गल्ली तुमच्या रस्त्यातून काढून टाका. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

मी एकटी जाते. कोणते रस्ते धरू?

हा प्रश्न माझ्या भाचीनं विचारला होता आणि याचं उत्तर मी तिच्याकडूनच शिकलो. मला सुंदर वाटणारा निर्जन रस्ता तिला नको होता. तिनं आपले रस्ते माणसांवरून निवडले: सकाळी फिरणाऱ्या बायका कुठे असतात, दूध केंद्र किती वाजता उघडतं, कोणत्या चौकात चहाचा ठेला पहाटेपासून सुरू असतो. शंकरनगर, बजाजनगर, लक्ष्मीनगर, दीक्षाभूमीच्या आजूबाजूचा भाग यांतून तिनं आठ किलोमीटरची फेरी बसवली. ती उजाडल्यावरच निघते. जानेवारीत सूर्य उगवायला सातला दहा मिनिटं उरतात, तेव्हा तीही उशिरा निघते. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे कुणाला तरी सोबत घ्या आणि तुमचा रस्ता घरच्या एका माणसाला पाठ असू द्या.

गोरेवाडा आणि अंबाझरीच्या जंगलाकडे जाता येतं का? बिबट्याचं काय?

जाता येतं, पण फाटकातून, उद्यानाच्या वेळेत. अंबाझरीचं जैवविविधता उद्यान सुमारे साडेसातशे हेक्टरचं आहे. सायकलवर आतून फिरताना गवताळ माळ लागतो, हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. आपण एवढ्या मोठ्या शहरात आहोत हे तिथं खरं वाटत नाही. बिबट्या या भागात आहेच; २०२१ च्या उन्हाळ्यात एक तर आयटी पार्क, व्हीएनआयटी करत थेट महाराजबागेपर्यंत फिरून गेला. म्हणून जंगलाच्या कडेचे रस्ते अंधारात टाळायचे आणि लहान मुलांना मागे एकटं पडू द्यायचं नाही. इतकं पाळलं तर घाबरण्याचं कारण नाही.

शहराबाहेर अर्ध्या दिवसाची सहल कुठे करावी?

माझी आवडती जागा जुनापाणी. काटोल नाक्याहून काटोल रोडनं गोरेवाड्याच्या पुढे, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. माळावर काळ्या दगडांची वर्तुळं पसरलेली आहेत, सुमारे तीनशे. लोखंड वापरणाऱ्या महापाषाण काळातल्या माणसांची ती दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं इथं उत्खनन केलं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा वाटेत पळस पेटलेला असतो. दगडांवर बसू नका, हलवू नका.

दुसरी सहल मोहगाव झिल्पीची, हिंगण्याच्या बाजूला, वीस-पंचवीस किलोमीटर. तलाव मोठा आहे आणि काठ मोकळा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणून जाताना तो छातीवर आणि येताना पाठीशी मिळतो. थकल्यावर याचं मोल कळतं. रामटेक सुमारे पन्नास किलोमीटर आहे, पण जबलपूर रोडवर ट्रक फार. अनुभवी सोबत असेल तरच. कोराडीच्या देवीला सायकलनं जाणारे पुष्कळ आहेत; त्यांनी हिवाळ्यातल्या धुक्यात मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नये. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा हातमोजेही हवेत.

समृद्धी महामार्गावर सायकल नेता येईल का?

नाही. शिवमडक्याहून तो सुरू होतो, जवळ आहे, मोकळा दिसतो, पण दुचाकींनाच बंदी आहे, सायकल तर दूरच.

मेट्रोत सायकल नेता येते का?

येते, आणि लांब राहणाऱ्यांसाठी हा मोठा आधार आहे. एक मार्गिका ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, दुसरी प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर. वर्धमाननगरच्या माणसानं सकाळी प्रजापतीनगरहून सायकलसह गाडी पकडली तर शहराची सगळी गर्दी डोक्यावरून ओलांडून तो लोकमान्यनगरला उतरतो, तिथून हिंगणा रोड समोरच. वाटेत सुभाषनगरच्या आसपास खिडकीतून अंबाझरीचं पाणी दिसतं. आत शिरताना चाकं पुसून घ्या आणि ऑफिसच्या गर्दीची वेळ टाळा.

ऑफिसला सायकलनं जायचंय. तीच फेरी चालेल?

फेरी चालणार नाही, पण तिचे तुकडे चालतील. सोमवारी सकाळी पहिल्यांदाच ऑफिसचा रस्ता धरू नका. आधी रविवारी तोच रस्ता करून पाहा, मग एखाद्या सुट्टी नसलेल्या शनिवारी ऑफिसच्याच वेळेला. कोणता चौक जड जातो ते तेव्हा कळेल. त्या एका चौकासाठी वळसा शोधा. पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. चौक ओलांडताना उतरून पायी जायला मी आजही मागेपुढे पाहत नाही.

सापडलेले रस्ते लक्षात कसे ठेवायचे?

मी वही ठेवतो. प्रत्येक रस्त्यापुढे तीन गोष्टी: महिना, निघायची वेळ आणि सावली कोणत्या बाजूला. उदाहरणार्थ, ‘वसंतनगर ते दीक्षाभूमी, एप्रिल, पावणेसहा, डावीकडे कडुनिंब, शाळेजवळ गतिरोधक दोन, कोपऱ्यावर पाणपोई.’ दोन वर्षांपूर्वी त्याच ओळीखाली भाचीनं पेन्सिलीनं लिहिलं आहे, ‘साडेसहानंतर पाणपोईवर माठ भरलेला असतो, एक मावशी असतात, थांबायला छान.’